एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप: डिस्क निवडण्यापासून फाइल परत मिळवण्यापर्यंत

बऱ्याच जणांकडे एक्स्टर्नल हार्ड डिस्क असते, ती भरलेलीही असते, पण बॅकअप मात्र नसतो. कॉम्प्युटरमधली जागा संपत आली की जुने फोटो, व्हिडिओ आणि संपलेल्या कामांचे फोल्डर कट करून डिस्कवर पेस्ट केले जातात. मग ‘बॅकअप घेतलाय’ असं म्हणून डिस्क कपाटात ठेवली जाते. त्या फाइली आधी एकाच ठिकाणी होत्या आणि आताही एकाच ठिकाणी आहेत. उलट आता त्या हातातून निसटून पडू शकेल अशा वस्तूत आहेत.

तीच फाइल एकाच वेळी किमान दोन वेगळ्या उपकरणांवर असेल, तरच तो बॅकअप. एकाच डिस्कचे दोन भाग पाडून दोन्हीकडे कॉपी ठेवली तर ती धरायची नाही, कारण डिस्क गेली की दोन्ही भाग जातात. छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. मूळ फाइल कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत एक्स्टर्नल डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या पत्त्यावर ठेवलेल्या डिस्कवर. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रतीबद्दल आहे.

आधी फाइली नेमक्या कुठे आहेत ते शोधा

डिस्क विकत घेण्याआधीचं हे काम आहे आणि नेमकं हेच बहुतेक जण टाळतात. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स आणि व्हिडिओज हे फोल्डर चटकन आठवतात. डाउनलोड्समध्ये मात्र एखाद्या दस्तऐवजाची एकुलती एक पीडीएफ पडून असते. हिशेबाची सॉफ्टवेअर आपला डेटा कधी थेट सी ड्राइव्हवर स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात, तर कधी डी ड्राइव्हवर. आउटलुक वापरत असाल तर मेलची पीएसटी फाइल कुठे आहे ते पाहा. आउटलुक चालू असताना ती फाइल वापरात असते, त्यामुळे साध्या कॉपीत ती सुटते. आउटलुक बंद करून मगच कॉपी करा. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग बहुधा फोटोंपासून वेगळा असतो. तो राहून गेला तर फोटो वाचतील, पण त्यांवर केलेलं कित्येक वर्षांचं काम जाईल.

क्लाउडमध्ये ठेवलेल्या फाइलींचं प्रकरण याहून नाजूक आहे. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउड वापरताना फोल्डरमध्ये दिसणारी प्रत्येक फाइल कॉम्प्युटरवर असतेच असं नाही. जागा वाचवण्यासाठी फक्त तिचं नाव आणि चिन्ह दाखवलं जातं. खरी फाइल सर्व्हरवरच असते. विंडोजमध्ये अशा फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह दिसतं. जी फाइल कॉम्प्युटरवर नाही, ती बॅकअपमध्येही येत नाही. विंडोजमधली बॅकअपची सोय, फाइल हिस्ट्री, वनड्राइव्हमधल्या फक्त ऑफलाइन उपलब्ध असलेल्या फाइली घेते. मॅकवर फोटोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल, तर मूळ फोटो मॅकवर असतीलच याची खात्री नसते आणि जे नसतील ते टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपमध्येही जात नाहीत. विंडोजवर वनड्राइव्हमधल्या महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. मॅकवर ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ निवडा. फाइली पूर्ण उतरल्या की मगच बॅकअप सुरू करा.

फाइली क्लाउडवर आहेत तर डिस्क कशाला, असा प्रश्न इथे येतोच. अशा सेवा दोन्ही बाजू सारख्या ठेवतात. इथे चुकून पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते आणि इथे बिघडलेली तिथेही बिघडते. गूगल ड्राइव्ह ट्रॅशमधल्या फाइली 30 दिवसांनी कायमच्या काढून टाकते. काहीतरी हरवलंय हे आपल्या लक्षात यायला बहुतेक वेळा त्याहून जास्त काळ लागतो.

फोल्डरची यादी कागदावर उतरवा आणि प्रत्येकाचा आकार प्रॉपर्टीजमध्ये पाहून बेरीज करा. ही यादी जपून ठेवा, पुढे ती दोनदा लागणार आहे.

डिस्क कोणती घ्यावी

आलेल्या बेरजेच्या किमान दुप्पट क्षमता घ्या. फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही साठत जातात, त्यामुळे जेमतेम मावणारी डिस्क लवकर तुंबते. मॅकसाठी अ‍ॅपलची शिफारसही मॅकच्या साठवणक्षमतेच्या किमान दुप्पट अशीच आहे. खोक्यावर 1 टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये साधारण 931 जीबी दाखवते, म्हणून घाबरू नका. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या. जागा तेवढीच असते.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घ्यायची की एसएसडी? एसएसडीत हलणारे भाग नसतात. त्यामुळे ती वेगवान असते आणि पडझड बरीच सोसते. पण तितक्याच क्षमतेसाठी ती महाग पडते, शिवाय वीज न देता दीर्घकाळ ठेवून दिली तर तिच्या पेशींमधला विद्युतभार हळूहळू झिरपू शकतो. कपाटात ठेवून अधूनमधून जोडायच्या बॅकअपसाठी मी फिरती डिस्कच सुचवेन. रोज बॅगेतून ने-आण होणार असेल तर मात्र एसएसडी घ्या. 2.5 इंची पोर्टेबल डिस्क यूएसबी केबलमधूनच वीज घेते, 3.5 इंची टेबलावरच्या डिस्कला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो.

स्वस्तातल्या अनेक मोठ्या डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. अशा डिस्कवर एकदम पुष्कळ डेटा लिहिला की थोड्या वेळाने वेग एकदम घसरतो. बॅकअपसाठी ती चालते. पहिली कॉपी रेंगाळली म्हणून डिस्क बिघडली असं समजू नका.

नाव नसलेल्या, अविश्वसनीय क्षमतेच्या आणि अविश्वसनीय स्वस्त डिस्कपासून मात्र दूर राहा. त्यांतल्या कित्येकांमध्ये छोटंसं मेमरी कार्ड असतं आणि क्षमतेचा आकडा खोटा दाखवलेला असतो. खरी जागा संपली तरी डिस्क लिहिल्याचं नाटक करत राहते आणि नव्या फाइली शून्यात जातात. शंका असेल तर ‘एच2टेस्टडब्ल्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगतं.

वापरण्याआधी तयारी

यूएसबी 3 चं पोर्ट शोधा. पुष्कळ कॉम्प्युटरवर ते आतून निळं असतं. यूएसबी 2 वर प्रत्यक्षात सेकंदाला 30 ते 40 एमबी एवढाच वेग मिळतो, म्हणजे 500 जीबीला जवळपास चार तास. तीच डिस्क यूएसबी 3 वर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास गेली तर सव्वा तासात काम होतं. हजारो बारीक फाइली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो. केबल सैल बसत असेल तर आधी ती बदला. डिस्क मधेच तुटते आणि पुन्हा जोडली जाते, अशा तक्रारीत बऱ्याचदा दोष केबलचाच असतो.

आता फॉरमॅट. डिस्क फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस निवडा. फक्त मॅकवर वापरणार असाल तर एपीएफएस. टाइम मशीन नवी डिस्क स्वतःच तशी करून घेतं. दोन्हीकडे लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण आपणहून त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटमध्ये बदलांची नोंदवही नसते, त्यामुळे लिहिणं चालू असताना केबल निघाली तर नुकसान होण्याची शक्यता जास्त. गरज नसेल तर बॅकअपसाठी ते नको. फॅट32 तर नकोच, त्यात 4 जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल बसत नाही.

विंडोजवर फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून टाका. पूर्ण फॉरमॅटला कित्येक तास लागतात, पण डिस्कचा प्रत्येक भाग एकदा तपासला जातो. फिरती डिस्क नवी असतानाच बिघडायची असेल तर ती रिकामी असताना बिघडलेली बरी, तेव्हा ती सरळ बदलून मिळते. तपासणीत चुका आल्या तर ती डिस्क ठेवू नका.

डिस्क हरवली तर आतलं सगळं कुणीही वाचू शकतं. म्हणून एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय काहीच वाचता येणार नाही असं कुलूप, याच वेळी लावा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे. होम आवृत्तीत बिटलॉकर लावलेली डिस्क उघडता येते, पण नवी डिस्क कुलूपबंद करता येत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट हा मोफत पर्याय आहे. टाइम मशीन डिस्क निवडताना एन्क्रिप्शनचा पर्याय देतं. बिटलॉकर 48 अंकी रिकव्हरी की देतो, ती कागदावर छापून डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवा. ज्या कॉम्प्युटरचा बॅकअप घेताय, त्याच कॉम्प्युटरवर ती की ठेवली तर गरज पडेल त्या दिवशी तिचा काहीच उपयोग नाही. पासवर्डही घरातल्या आणखी एका व्यक्तीला कळेल अशी सोय करा.

विंडोजवर बॅकअप

विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री 2012 पासून, म्हणजे विंडोज 8 पासून आहे. विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये ती सापडत नाही. स्टार्टमध्ये ‘कंट्रोल पॅनल’ शोधा, ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’मध्ये जा आणि ‘फाइल हिस्ट्री’ उघडा. डिस्क जोडलेली असेल तर ती तिथे दिसेल. ‘टर्न ऑन’ दाबण्यापूर्वी डाव्या बाजूचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ पाहा. कॉपी दर तासाला होते आणि जुन्या आवृत्त्या कायम ठेवल्या जातात, असं आधीपासून ठरलेलं असतं. आवृत्त्यांसाठी ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ निवडा, म्हणजे डिस्क भरून बॅकअप गुपचूप थांबणार नाही.

फाइल हिस्ट्री मुख्यतः डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स, व्हिडिओज या लायब्ररी घेते. तुमच्या यादीतला डी ड्राइव्हवरचा हिशेबाचा फोल्डर तिला दिसतच नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘इन्क्लुड इन लायब्ररी’ने तो एखाद्या लायब्ररीत घाला, विंडोज 11 मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली आहे. कागदावरची यादी इथे पहिल्यांदा लागते: एकेक फोल्डर घ्या, आत आला की खूण करा.

या पद्धतीचा मला आवडणारा गुण म्हणजे डिस्कवर ‘फाइलहिस्ट्री’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइली साध्या फाइली म्हणूनच असतात, फक्त नावाला तारीख आणि वेळ जोडलेली असते. कॉम्प्युटर पूर्ण गेला तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर डिस्क लावून त्या थेट उघडता येतात.

शेकडो जीबी व्हिडिओ किंवा कामाचे मोठे फोल्डर असतील तर फ्रीफाइलसिंक हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. एका बाजूला मूळ फोल्डर, दुसऱ्या बाजूला डिस्कवरचा फोल्डर निवडा, ‘कम्पेअर’ दाबा, फरक बघा, मग ‘सिंक्रोनाइझ’. पहिल्या वेळी सगळं जातं, नंतर फक्त बदललेलं. यात ‘मिरर’ हा प्रकार जपून वापरायचा. मिरर म्हणजे डिस्क हुबेहूब मूळासारखी करणं, म्हणजेच मूळात नसलेलं डिस्कवरून पुसणं. बाजू उलट निवडल्या तर रिकामा फोल्डर भरलेल्या फोल्डरला रिकामं करतो. विंडोजमधल्या रोबोकॉपी या कॉपीच्या कमांडच्या मिरर पर्यायातही हाच धोका आहे. फ्रीफाइलसिंकमध्ये पुसल्या जाणाऱ्या फाइलींसाठी ‘व्हर्जनिंग’ निवडा. त्या नष्ट न होता वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. सिंक्रोनाइझ करण्याआधी किती फाइली पुसल्या जाणार हा आकडा दिसतो. तो अनपेक्षितपणे मोठा असेल तर तिथेच थांबा.

विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम यांच्यासह संपूर्ण कॉम्प्युटर परत उभा करायचा असेल तर सिस्टिम इमेज लागते. व्हीम एजंटची मोफत आवृत्ती ते काम करते. पण घरगुती वापरात प्रोग्रॅम पुन्हा बसवता येतात, फोटो पुन्हा काढता येत नाहीत. आधी फाइली.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर काम सोपं आहे. 2007 पासून टाइम मशीन सोबतच येतं. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘जनरल’, तिथे ‘टाइम मशीन’, मग ‘अ‍ॅड बॅकअप डिस्क’. डिस्क पुसण्याची परवानगी विचारली जाईल, म्हणून ती रिकामी असल्याची आधी खात्री करा. मागच्या 24 तासांचे दर तासाचे, मागच्या महिन्याचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्यांचे बॅकअप ठेवले जातात. जागा संपली की सर्वांत जुने आपोआप जातात. डिस्क जोडलेली नसताना टाइम मशीन मॅकच्याच डिस्कवर काही काळासाठी स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, ठेवतं. चुकून पुसलेल्या फाइलीला ते उपयोगी पडतात, मॅकची डिस्क गेल्यावर नाही. टाइम मशीनच्या डिस्कवर दुसऱ्या फाइली ठेवू नका.

लिनक्सवर डेजा डप किंवा आरसिंक वापरा. टाइमशिफ्ट मुख्यतः सिस्टिमसाठी आहे. घरच्या फोल्डरमधल्या फाइली ते आपणहून घेत नाही.

डिस्क काढून ठेवा

दर तासाला बॅकअप हवा तर डिस्क कायम जोडलेली हवी, असं वाटणं साहजिक आहे. पण जोडलेली डिस्क कॉम्प्युटरच्या प्रत्येक संकटात भागीदार असते. मे 2017 मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या एक्स्टर्नल आणि नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद करत असे. विजेचा झटका, पाण्याचा ग्लास, चोरी, या सगळ्यांत दोन्ही प्रती एकदम जातात. म्हणून ठरावीक दिवशी डिस्क जोडा, बॅकअप पूर्ण होऊ द्या आणि काढून ठेवा. किती दिवसांनी? जितक्या दिवसांचं काम पुन्हा करायची तुमची तयारी असेल, तितक्या दिवसांनी. रोज हिशेब लिहिणाऱ्याला आठवडा फार होतो; फक्त फोटो असतील तर आठवडा पुरतो. आठवण कॅलेंडरमध्ये टाका, मनावर सोडू नका.

शक्य असेल तर दोन डिस्क आलटून पालटून वापरा. एक घरी, एक नातेवाइकांकडे किंवा कामाच्या ठिकाणी, आणि भेट होईल तेव्हा अदलाबदल. क्लाउडवर सगळं चढवणं परवडत नसेल तर तिसरी प्रत अशी मिळते.

डिस्क काढताना नेहमी ‘इजेक्ट’ करा. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून बाहेरची डिस्क पटकन काढता येईल अशीच मांडणी असते, तरीही लिहिणं चालू असलेली फाइल अर्धवट राहू शकते. इजेक्ट केल्यावर तबकडी थांबेपर्यंत काही सेकंद थांबा आणि मगच डिस्क उचला.

फाइल परत मिळते का ते पाहा

हा भाग वगळला तर वरची सगळी मेहनत विश्वासावर उभी राहते. बॅकअप ‘पूर्ण झाला’ हा संदेश एवढंच सांगतो, की सॉफ्टवेअरला जे सांगितलं होतं ते त्याने केलं. तुम्ही योग्य ते सांगितलं होतं का, हे त्याला कळत नाही.

पहिल्या बॅकअपनंतर लगेच हे करा. कागदावरची यादी पुन्हा काढा. प्रत्येक फोल्डरमधली एक फाइल निवडा आणि ती डिस्कवरून एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये परत आणा, मूळ जागी नाही; नाहीतर चांगल्या फाइलीवर जुनी जाऊन बसेल. फाइल उघडा. व्हिडिओ असेल तर सुरुवातीचे काही क्षण पाहून थांबू नका, शेवटाकडचा भागही लावून पाहा, कारण अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला व्यवस्थित चालते. हिशेबाचा डेटा त्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून शेवटची नोंद दिसते का ते बघा. साध्या कॉपीच्या फोल्डरसाठी प्रॉपर्टीजमधली फाइलींची संख्या आणि बाइट्सचा आकडा दोन्हीकडे जुळवा. ‘साइज ऑन डिस्क’ जुळला नाही तरी चालतो, फॉरमॅट वेगळा असला की तो बदलतो.

त्यानंतर डिस्क दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला लावा, पासवर्ड टाका आणि एक फाइल उघडा. प्रत्यक्ष संकटात तुमच्याकडे तुमचा कॉम्प्युटर नसणार आहे, म्हणून ही चाचणी सर्वांत खरी. व्हेराक्रिप्ट त्या कॉम्प्युटरवर बसवावं लागेल, हेही तेव्हाच ध्यानात येतं. दर काही महिन्यांनी वेगळ्या फाइली घेऊन हीच तपासणी पुन्हा करा.

डिस्क आजारी पडली तर

फिरत्या डिस्कमध्ये वाचणारं डोकं तबकडीवर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. चालू असताना टेबलावरून पडणं तिला सर्वांत घातक. सपाट, हवा खेळेल अशा जागी ठेवून बॅकअप घ्या. मांडीवर किंवा गादीवर नको.

फोल्डर उघडायला अचानक फार वेळ लागणं, कॉपी एकाच फाइलीवर अडणं, डिस्क मधेच गायब होणं ही पूर्वचिन्हं आहेत. केबल आणि पोर्ट बदलूनही ती राहिली, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ हे आकडे पाहा. ते वाढत असतील तर त्या डिस्कवरचा भरवसा संपला. मूळ फाइली कॉम्प्युटरवर सुखरूप असतील तर वेळ न घालवता नव्या डिस्कवर ताजा बॅकअप घ्या. आजारी डिस्क दुरुस्त करत बसू नका. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही.

आणि तिच्यावरच एखादी एकुलती एक फाइल असेल तर? ती आधी कॉपी करा, बाकीचं नंतर. दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवू नका, ते डिस्कवर लिहितात आणि उरलेलंही बिघडवू शकतात. आतून टकटक आवाज येत असेल तर लगेच केबल काढा, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या. डिस्क घरी उघडायची नाही. आत गेलेला धुळीचा कण डोक्याच्या आणि तबकडीच्या मधल्या अंतराहून कितीतरी मोठा असतो.

बाद केलेली पण अजून चालणारी डिस्क कुणाला देण्याआधी पूर्ण फॉरमॅट करा. नुसतं डिलीट केलेलं सहज परत मिळवता येतं. सुरुवातीपासून एन्क्रिप्शन लावलेलं असेल तर न चालणारी डिस्कही निर्धास्तपणे ई-कचऱ्यात देता येते.